मोरीपलीकडचं पाणी

नव्या वस्तीत मैलापाण्याची वाहिनी टाकताना अभियंते एक ठोकताळा धरून चालतात. घरात शंभर लिटर पाणी आलं, तर त्यातलं ऐंशी लिटर मोरी, बेसिन आणि संडासावाटे बाहेर पडणार. उरलेलं वीस लिटर कुंड्यांत जिरतं, दोरीवरच्या कपड्यांतून आणि पुसलेल्या फरशीवरून हवेत जातं, थोडं आपल्या घामावाटे. म्हणजे आपण पाणी ‘वापरतो’ म्हणतो तेव्हा बहुतेक पाणी संपतच नाही. ते आत येतं, काही मिनिटं घरात राहतं आणि खराब होऊन बाहेर जातं. पाचवीत जलचक्र शिकलेलं पोर जेव्हा विचारतं, की पृथ्वीवरचं पाणी तर तेवढंच राहतं, मग वाचवायचं काय, तेव्हा मोठी माणसं त्याला गप्प करतात. खरं तर प्रश्न बिनतोड आहे. ‘पाणी वाचवा’च्या पाट्यांवर नळाला लोंबणारा थेंब दाखवतात, पण तो थेंब पुढे कुठे जातो हे कुठलीच पाटी सांगत नाही. पाणी वाचवण्याचा पर्यावरणाशी संबंध नेमका त्या पुढच्या प्रवासात आहे. म्हणून या प्रकरणात नळाकडे पाठ करून मोरीच्या जाळीपासून सुरुवात करायची आहे. उदाहरण पुण्याचं घेऊ, कारण तिथे हा प्रवास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो.

पुण्याचं बरंचसं पाणी खडकवासला साखळीतून येतं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या मापात साधारण २,८३२ कोटी लिटर. यातलं खडकवासला सगळ्यात जुनं, एकोणिसाव्या शतकातलं, आणि साठ्याच्या मानाने सगळ्यात लहान: १.९७ टीएमसी. हा आकडा लक्षात ठेवायचा, पुढे लागणार आहे. खडकवासल्यातून पाणी पर्वती, वारजे, लष्कर अशा जलशुद्धीकरण केंद्रांत येतं, तिथून उंचावरच्या टाक्यांत आणि मग घरोघरी. मोरीतून निघालेलं पाणी वाहिन्यांतून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जावं अशी व्यवस्था आहे. सगळं तिथे पोचत नाही, आणि जे पोचतं ते सगळंच नीट शुद्ध होत नाही. ते मुठेत उतरतं, संगमावर मुळेला मिळतं, मुंढवा, लोणी, थेऊर करत रांजणगाव सांडसजवळ भीमेत जातं. पवना आणि इंद्रायणीतून पिंपरी-चिंचवडचंही याच भीमेत येतं. भीमा पुढे उजनीच्या जलाशयात थांबते. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे खडकवासला साखळीच्या चौपट. आणि या उजनीतून सोलापूर शहर पाणी पितं.

पुण्यातली मोरी आणि सोलापुरातला माठ यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे. उजनीच्या फुगवट्यावर, इंदापूर-भिगवणच्या बाजूला उन्हाळ्यात गेलं की पाण्याचा हिरवा रंग दिसतो आणि त्याला वास येतो. मैलापाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळ आणि जलपर्णीचं खतच. कोळ्यांच्या जाळ्यात पूर्वी नाना जातीचे मासे येत, आता चिलापीच जास्त. ती खराब पाण्यातही तग धरते. (भिगवणला रोहित पक्षी पाहायला गर्दी जमते, पण उथळ, पोसलेलं पाणी रोहिताला मानवतं, त्यामुळे पक्षी आले म्हणजे पाणी चांगलं असा निष्कर्ष काढायचं कारण नाही.) गोष्ट एकट्या पुण्याचीही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज ७२ हजार दशलक्ष लिटरहून अधिक सांडपाणी तयार होतं. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता सुमारे ३२ हजार दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं जेमतेम २० हजार. शंभर बादल्यांतल्या अठ्ठावीस. बाकीच्या बहात्तर नदी, नाला, तळं, खाडी, जे जवळ असेल त्यात.

इथे एक चिकित्सक वाचक हात वर करील. मी अंघोळीला दहा लिटर पाणी कमी घेतलं म्हणून माझ्या अंगावरचा मळ किंवा साबण कमी होत नाही. मैला तेवढाच, धुण्याची पावडर तेवढीच. पाणी कमी वापरलं तर सांडपाणी फक्त दाट होईल, नदीत जाणारी घाण किलोच्या हिशेबात तेवढीच राहील. आक्षेप खरा आहे, आणि पाणीबचतीच्या पुस्तिकांत तो सहसा सापडत नाही. पण शुद्धीकरण केंद्र कसं चालतं ते पाहिलं की त्याचं उत्तरही सापडतं. केंद्राची क्षमता किलोत नव्हे, दिवसाला किती दशलक्ष लिटर अशीच मोजली जाते. टाकीत पाणी ठरावीक तास थांबलं पाहिजे, म्हणजे जिवाणूंना घाण खायला वेळ मिळतो. क्षमतेपेक्षा जास्त पाणी आलं की दोनच गोष्टी होतात. एक तर ते टाकीतून घाईघाईने अर्धवट शुद्ध होऊन निघतं, नाहीतर केंद्राला वळसा घालून तसंच नदीत सोडलं जातं. तेच पाणी वीस टक्क्यांनी कमी आलं, तर आहे त्याच केंद्रात घाणीचा मोठा वाटा अडतो. म्हणजे बचतीने घाण कमी होत नाही, पण ती अडवण्याची संधी वाढते. घाण कमी करायची असेल तर वेगळं काम करावं लागतं: पावडर चमच्याने मोजून टाकणं, उष्टं-खरकटं मोरीत न लोटणं, तळणीचं तेल बेसिनमध्ये न ओतणं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र शेतीचा आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक सिंचनाला जातं. घरगुती वाटा त्यामानाने चिमूटभर. महाराष्ट्रात ही विषमता उसामुळे डोळ्यांत भरते. पाट पद्धतीने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला हंगामात ढोबळमानाने अडीच कोटी लिटर पाणी लागतं. किलोभर साखरेमागे दीड-दोन हजार लिटर. पुण्याच्या पन्नास लाख माणसांनी रोज माणशी दहा लिटर वाचवले, तर वर्षाला १,८२५ कोटी लिटर होतात. छाती दडपणारा आकडा आहे, पण उसाच्या मापात तो बसतो सुमारे ७३० हेक्टरांत. राज्यातलं उसाचं क्षेत्र दहा लाख हेक्टरांच्या वर असतं. मग पन्नास लाख लोकांनी वर्षभर बादल्या मोजायच्या आणि फळ काय, तर दोन-तीन गावांचा ऊस? या हिशेबात चूक नाही. राज्याच्या पाण्याचा ताळेबंद सुधारायचा असेल तर ठिबक, पीकपद्धती आणि कालव्यांची दुरुस्ती हाच रस्ता आहे. ती जबाबदारी घरातल्या नळावर ढकलणं म्हणजे सरळ दिशाभूल. ज्या जाहिराती दात घासताना नळ बंद करायला सांगतात आणि उसाचं नावही घेत नाहीत, त्यांच्याविषयी राग यावा हे रास्त आहे.

पण टक्केवारी म्हणजे सरासरी, आणि सरासरीत जागा आणि वेळ दोन्ही हरवतात. खडकवासल्याच्या पाण्यावर एकट्या शहराचा हक्क नाही. तिथून निघणारा नवा मुठा उजवा कालवा दोनशे किलोमीटरच्या आसपास धावतो, हवेली, दौंड, इंदापूरपर्यंत. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. पुढच्या जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरेल त्यातून रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, ठरतात. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम हे राज्याचं धोरण आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की साखळी पूर्ण भरली नाही अशा वर्षी कात्री आधी आवर्तनाला लागते, शहराला सगळ्यात शेवटी. मंजूर कोट्यापेक्षा शहर जास्त पाणी उचलतं ही जलसंपदा खात्याची तक्रार जुनी आहे, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत ती गेलेली आहे. राज्याच्या पातळीवर घरगुती पाणी चिमूटभर असेल. या एका साखळीत, एप्रिल-मे महिन्यांत, ते चिमूटभर नसतं. अलीकडच्या वर्षांत शहराचा उपसा वीस टीएमसीच्या घरात गेला आहे आणि साखळी आहे एकोणतीसची. इथे शहर हाच मोठा वाटेकरी, आणि शेपटाकडच्या दौंड-इंदापूरच्या ज्वारीला किंवा चाऱ्याला एक पाळी मिळणार की नाही, हे शहराच्या तोंडाशी किती पाणी जातं यावर ठरतं.

आता तो लक्षात ठेवलेला आकडा. पन्नास लाख माणसांनी दिवसाला दहाऐवजी तीस लिटर वाचवले तर वर्षाचे होतात ५,४७५ कोटी लिटर, म्हणजे १.९३ टीएमसी. काठोकाठ भरलेलं खडकवासला, जवळजवळ तेवढंच. दुसऱ्या मापाने पाहायचं तर पूर्व पुण्यासाठी भामा आसखेड धरणातून आणायच्या पाण्याचा मंजूर वाटा सुमारे २.६ टीएमसी आहे. त्या योजनेची जलवाहिनी धरणग्रस्तांच्या आंदोलनांमुळे वर्षानुवर्षं रखडली होती आणि २०२१ च्या सुरुवातीला पाणी शहरात आलं. माणशी तीस लिटरची बचत म्हणजे असं पाऊण भामा आसखेड: कुणाची जमीन न घेता, वाहिनी न टाकता, पंपाचं बिल न भरता. यावर कुणी म्हणेल, वाचलेलं पाणी इंदापूरच्या शेतकऱ्याला मिळेल याची हमी काय? ते वाघोलीच्या किंवा बाणेरच्या नव्या गृहसंकुलाला दिलं जाईल. अशी हमी नाही, आणि ती असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. वाचलेल्या पाण्याला मालक नसतो, जो आधी मागतो त्याच्याकडे ते जातं. पण ते संकुल बचत नसतानाही उभं राहणारच आहे, आणि मग त्याचं पाणी पुढच्या एखाद्या खोऱ्यातून आणावं लागेल. बचतीने निदान ते पुढचं धरण लांबतं. वाचलेल्या पाण्याची वाटणी कशी व्हावी हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि तो राजकारणातच सोडवावा लागेल.

गळतीचा आक्षेपही इथेच येतो. वीस टीएमसीला पन्नास ते साठ लाखांनी भागलं की माणशी रोज साधारण २६० ते ३१० लिटर येतात. शहरी पुरवठ्याचं सर्वमान्य माप आहे १३५ लिटर. घरात दुप्पट पाणी कुणी वापरत नाही, काही हाउसिंग सोसायट्या सोडल्या तर. बाकीचं पाणी जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून झिरपतं, हॉटेलं-रुग्णालयांना जातं, बेकायदा जोडण्यांतून निघतं, टाक्या भरून वाहतं. मग आधी पालिकेने आपली भोकं बुजवावीत, आम्हाला काय शहाणपण शिकवता? रागात तथ्य आहे. पण आपण धरलेल्या वाटेने पाहिलं तर एक गंमत दिसते. रस्त्याखाली फुटलेल्या नळातलं पाणी बऱ्याच अंशी जमिनीत मुरतं, एखाद्या बोअरला मिळतं. त्यावर खर्च केलेली वीज आणि तुरटी वाया जाते, पण ते मैलापाणी होत नाही. घरात उधळलेला लिटर मात्र हमखास गटारात जातो. नदीच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही लिटर सारखे नाहीत. शिवाय गळती पालिकेच्याच वाहिनीत असते असंही नाही. मीटरच्या अलीकडची गळती आपली असते, आणि ज्या इमारतींत प्रत्येक घराला मीटर नाही तिथे ती कुणाचीच नसते. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकला की पहाटे पाण्याची धार खाली पार्किंगमध्ये पडत राहते आणि वॉचमन उठेपर्यंत कुणाला त्याची पडलेली नसते.

तीस लिटर कुठून काढायचे, याचं उत्तर बहुतेक लोक नळात शोधतात. ते आहे फ्लशच्या टाकीत. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १३५ लिटरपैकी ४५ लिटर संडासात ओतायचे असं धरलेलं आहे. पिण्याजोग्या पाण्याचा तिसरा हिस्सा. जुन्या टाक्या एका दाबाला दहा-बारा लिटर सोडतात. दुहेरी बटणाच्या नव्या टाक्या लहान बटणाला तीन आणि मोठ्याला सहा. दिवसात पाच वेळा वापर धरला, त्यात एकदा मोठं बटण, तर जुन्या टाकीचे पन्नास लिटर होतात आणि नवीचे अठरा. फरक बत्तीस लिटरांचा, बाकी कुठलीही सवय न बदलता. अर्थात ज्यांच्याकडे आधीच नवी टाकी आहे किंवा जे डबडं-बादली वापरतात, त्यांना हा फायदा नाही. जुनी टाकी काढता येत नसेल तर पाण्याने भरलेली लिटरभराची बाटली झाकण लावून आत उभी ठेवतात. प्रत्येक दाबाला तेवढं पाणी कमी जातं. वीट ठेवू नये, ती झिजते आणि तिचा चुरा वॉशरखाली अडकून टाकी गळायला लागते. दोन बाटल्यांचा लोभही नको. जुनं भांडं जास्त पाण्याच्या हिशेबाने घडवलेलं असतं, कमी पाण्यात ते साफ होत नाही, मग माणूस दुसऱ्यांदा दाबतो आणि हिशेब उलटा होतो. गळकी टाकी आवाज करत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं सापडत नाही. रात्री टाकीत हळदीचं पाणी किंवा खाण्याचा रंग टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. फ्लश न दाबता भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलेला आहे. ठिबकणाऱ्या नळाचा हिशेबही सोपा: खाली पेला ठेवायचा. दोनशे मिलिलिटरचा पेला दहा मिनिटांत भरत असेल तर दिवसाला जवळपास एकोणतीस लिटर जातात, म्हणजे एका माणसाचा तीस लिटरचा वाटा त्या एका नळातच आहे.

सगळे लिटर सारखे नसतात, हे सगळ्यात लख्ख दिसतं ते गरम पाण्यात. हिवाळ्यातलं वीस अंशांचं पाणी अंघोळीसाठी चाळीसवर न्यायचं तर वीस लिटरच्या बादलीला जवळजवळ अर्धं युनिट वीज लागते. तीच बादली पंपाने पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत, म्हणजे साधारण वीस मीटर उंच चढवायला लागणारी वीज, पंपाची अकार्यक्षमता धरूनही, याच्या दीडशेव्या हिश्शाहून कमी असते. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे गिझरची एक बादली साडेतीनशे ग्रॅमची. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. दहा मिनिटांच्या गरम शॉवरला चार-पाच बादल्या लागतात, आणि बादली-तांब्याने उरकणाऱ्याला एक. हवामानाच्या बाजूने बोलायचं तर कुंडीला घातलेल्या गार पाण्याची चिंता करण्यापेक्षा गरम पाण्याची एक बादली कमी करणं शेकडो पटींनी जास्त मोलाचं. पुण्यात अनेक गच्च्यांवर सौर बंब दिसतात. त्यांनी विजेचा प्रश्न सुटतो आणि पाण्याचा एक नवा तयार होतो: लांबलचक पाइपातलं गार पाणी निघून गरम येईपर्यंत अर्धी-पाऊण बादली वाहते. ज्या घरात त्या नळाखाली आधी रिकामी बादली सरकवतात, त्यांनी प्रश्न ओळखलेला असतो. ते पाणी धुण्याला चालतं.

आरओच्या पाण्याचं वेगळं आहे, तिथे उधळपट्टी यंत्रातच बसवलेली असते. घरगुती आरओ एक लिटर गोड पाणी देताना सहसा तीन लिटरच्या आसपास पाणी फेकतो. क्षारांचं प्रमाण लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असलं तर चव आणि आरोग्य दोन्हींसाठी आरओची गरज नाही, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली अशा ठिकाणी त्यावर बंदी घाला असंही सांगितलं होतं. सह्याद्रीच्या धरणांतलं पाणी या मर्यादेच्या खूप खाली असतं. ज्या सोसायट्या बोअरवर किंवा टँकरवर जगतात, तिथे यंत्र लागतही असेल. धरणाचं पाणी पिणाऱ्या घरात ते भिंतीवर टांगलेलं असतं ते विक्रेत्याच्या बोलण्यामुळे. यंत्र ठेवायचंच असेल तर त्याची फेकपाण्याची नळी बेसिनमध्ये न सोडता बादलीत सोडावी. त्या पाण्यात क्षार जरा जास्त असतात एवढंच, फरशी पुसायला काही बिघडत नाही. याच्या शेजारीच आणखी एक खास आपली रीत बसवायला हवी: कालचं ‘शिळं’ पाणी ओतून देऊन पिंप ताजं भरण्याची. झाकलेल्या, स्वच्छ भांड्यातलं शुद्ध पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. नळाला आत्ता आलेलं ‘ताजं’ पाणीही शुद्धीकरण केंद्र, टाकी आणि वाहिनी यांत मुक्काम करूनच आलेलं असतं.

घरोघरच्या बचतीने खरंच काही होतं का, याचा मोठा पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचा आहे. २०१५ ते २०१८ च्या दुष्काळात त्या शहराने रोजचा वापर सुमारे १२०० दशलक्ष लिटरवरून ५०० च्या आसपास आणला. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी मर्यादा होती पन्नास लिटर. नळ बंद करण्याचा दिवस जाहीर झाला होता, तो आलाच नाही. मात्र ही कथा नुसत्या शहाण्या नागरिकांची नाही. मीटर होते, चढे दर होते, दाब कमी केला होता, आणि त्याच फेब्रुवारीत शेजारच्या ग्रोनलँड भागातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणांतलं एक हजार कोटी लिटर पाणी शहराला दिलं होतं. खोऱ्यात पाणी असेल आणि ते वळवता येत असेल तरच बचत आणि वाटप यांचा मेळ बसतो. लातूरकडे पाहिलं की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, पाच लाख लिटर घेऊन. २०११ च्या जनगणनेत लातूरची वस्ती ३.८ लाख होती, म्हणजे माणशी सव्वा लिटरहून थोडं जास्त. खोऱ्याबाहेर पाणी नेणं किती जिकिरीचं असतं ते यावरून कळतं. त्यामुळे पुण्यात वाचवलेल्या बादलीने लातूरची तहान भागेल असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. तिचा उपयोग होईल तो मुठा-भीमेच्या काठाने, खालच्या अंगाला.

आणि बचत सगळ्यांनी करायची नाही. सार्वजनिक नळावर रांग लावून घरात पाच माणसांत दीडशे लिटर आणणाऱ्या बाईला पाणी वाचवायला सांगणं निर्लज्जपणाचं आहे. तिचं कुटुंब माणशी तीस लिटरवर आहे, जलजीवन मिशनने खेड्यासाठी धरलेल्या पंचावन्नाच्याही खाली. तिला पाणी वाढवून मिळालं पाहिजे, आणि ते मिळायचं तर कुठून तरी निघालं पाहिजे. १३५ हे माप आधार म्हणून वापरायचं झालं तर त्याच्या वर जेवढं असेल तेवढीच बचतीची जागा. आपण कुठे आहोत हे कळायला सोसायटीच्या टाक्या दिवसाला किती वेळा भरतात ते पाहावं, टाकीच्या लिटरला फेऱ्यांनी गुणून राहणाऱ्या माणसांनी भागावं. त्यात टँकरही धरायचे. हिशेब पाच मिनिटांचा आहे, तरी तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत क्वचितच मांडला जातो. पार्किंगचा वाद मात्र दर वर्षी असतो.

उजनीतलं पाणी सोलापूरला वर्षानुवर्षं दोन वाटांनी जात आलं आहे. एक जलवाहिनीतून, आणि दुसरं भीमेच्या पात्रात सोडून औजच्या बंधाऱ्यापर्यंत, जिथे पोचेपर्यंत त्यातलं पुष्कळसं वाळूत, उन्हात आणि काठच्या मोटारींत जिरतं. शहराच्या अनेक भागांत नळ चार-पाच दिवसांआड येतो. तो आला की घरातली सगळी भांडी भरली जातात: प्लास्टिकचे बॅरल, पिंपं, कळशा, पातेलीसुद्धा. पुण्याच्या मोऱ्यांतून निघालेलं, भीमेतून वाहत आलेलं, उजनीत हिरवं झालेलं आणि तुरटी-क्लोरीन घालून पुन्हा पिण्याजोगं केलेलं पाणी त्या बॅरलमध्ये चौथ्या दिवशीही असतं. ते तिथे शिळं म्हणून कुणी ओतून देत नाही.